रीसेल फ्लॅट घेतला, पहिल्याच पावसात बेडरूमच्या भिंतीला ओल आली. बिल्डिंगला तीन वर्षं झालीत. आधीचा मालक आणि बिल्डर दोघेही हात वर करताहेत. काय करावं?

आधी एक कळकळीची विनंती: पुट्टी-रंग करून भिंत झाकू नका. तसं केलंत तर पुरावाच जाईल.

पाणी कुठून येतंय हे ठरल्याशिवाय कुणाला धरायचं ते ठरत नाही. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधली नहाणी (पाणी वाहून जाण्याचं भोक) बंद करून इंचभर रंगीत पाणी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास साठवायला सांगा. तुमच्याकडे ओल वाढली, तर दुरुस्ती वरच्या सभासदाची. नाही वाढली तर बाहेरची भिंत तपासा: खिडकीच्या कोपऱ्यातल्या चिरा, पाइपासाठी पाडलेली भोकं. पावसाच्या पाण्याची आणि सामायिक पाइपांची गळती आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) सोसायटीने काढायची असते. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कारणासह, फोटोंसह लेखी अहवाल घ्या. 'ओल दिसते' एवढाच शेरा असलेला अहवाल निरुपयोगी.

दोष बांधकामाचा निघाला तर बिल्डर सुटत नाही. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम 14(3) नुसार ताब्यापासून 5 वर्षांत दोष कळवला, तर त्याने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई. नंतर विकत घेणाराही या कायद्यात 'अलॉटी' (ज्याला फ्लॅट दिला तो) मानला जातो. फक्त 5 वर्षं तुमच्या खरेदीपासून मोजू नका, पहिल्या ताब्यापासून धरून चाला. तुमच्याकडे फार तर दोन वर्षं उरलीत, म्हणून नोटीस आजच नोंदणीसह स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. बिल्डर बहुधा म्हणेल, 'ग्रिल लावताना तुम्हीच भिंत फोडलीत.' त्याचं उत्तर अहवालात असलं पाहिजे.

आधीच्या मालकाची गोष्ट वेगळी, आणि अवघड. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 55 प्रमाणे विकणाऱ्याने त्याला माहीत असलेला आणि साध्या पाहणीत न सापडणारा मोठा दोष सांगायलाच हवा. पण 'त्याला माहीत होतं' हे सिद्ध तुम्हाला करावं लागतं, आणि बहुतेक दावे इथेच अडतात. सोसायटीच्या कार्यालयात त्याने गळतीबद्दल दिलेली पत्रं आणि तक्रार वही बघायला अर्ज करा. वॉचमनला विचारून गेल्या वर्षीचा रंगारी किंवा प्लंबर शोधा. सही केलेलं एक जुनं तक्रारपत्र शंभर युक्तिवादांपेक्षा भारी पडतं.

खरेदीखतात 'पाहणी करून, आहे त्या स्थितीत घेतला' असं वाक्य असेल तर कलम 55 ची बाजू कमकुवत होते; मात्र जाणूनबुजून लपवल्याचा पुरावा असेल तर त्या वाक्यामागे विकणाऱ्याला लपता येत नाही. दावा दिवाणी न्यायालयात करायचा; घरमालकाने केलेल्या साध्या विक्रीसाठी ग्राहक आयोग कामाचा नाही. मुदत 3 वर्षं, आणि फसवणूक असेल तर ती उघड झाल्यापासून. म्हणून ओल पहिल्यांदा दिसल्याचे फोटो मूळ फाइलसकट जपा. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीत तारखेची माहिती राहत नाही.