मधल्या शनिवारचं काय?

प्रश्न : ताई, आमचे हे गेल्या नोव्हेंबरात गेले. मुलगा-सून पुण्याला, मी इथे छावणीत एकटी. गुड फ्रायडेला चर्चमध्ये बसवतं, रडताही येतं. पण ईस्टरच्या पहाटे सगळे ‘प्रभू उठला आहे’ म्हणत हात हातात घेतील, आणि ‘खरोखर उठला आहे’ हे माझ्या तोंडून निघणार नाही. विश्वास उडालाय असं नाही. दारातल्या ह्यांच्या चपला अजून उचलवत नाहीत, इतकंच. यंदा घरीच राहू का?
(एक वाचक भगिनी, इंदूर)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात शुक्रवार आहे, रविवार आहे, मधला शनिवार नाहीच. बहुतेक घरांत तो केक आणि अंडी रंगवण्यात जातो. मला वाटतं, यंदा तुमचा दिवस तोच.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात 23व्या अध्यायाचा शेवट काढा. गालीलाहून आलेल्या बायका कबर पाहतात, देह कसा ठेवलाय ते पाहतात, परत येऊन सुगंधी द्रव्यं तयार करतात आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, म्हणून स्वस्थ राहतात. शनिवारबद्दल लूक एवढंच सांगतो. प्रभू परत भेटणार म्हणून त्यांनी ती तयारी केलेली नव्हती. गेलेल्या माणसाच्या देहाला लावायला केली होती. त्यांना कोणी अल्पविश्वासी म्हटलं नाही, आणि रविवारी कबरीपाशी आधी पोचल्या त्याच.

पुढे मार्क 16:8 वाचा. कबर रिकामी आहे हे कळल्यावर त्या थरथर कापत पळाल्या आणि भीतीपोटी कोणाला काही बोलल्या नाहीत. सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत मार्कचं शुभवर्तमान तिथेच थांबतं. पहिल्या ईस्टरच्या सकाळी त्यांच्याही तोंडून शब्द फुटला नव्हता, ताई. मग तुमच्याकडून तो कोण मागणार?

शनिवारी दुपारी आमच्या चर्चमधल्या बायका साफसफाईला जमतो. मेणबत्त्यांच्या पितळी स्टँडवर वर्षभराचं मेण साचलेलं असतं. ते कढत पाण्याने सोडवायचं, मग चिंच-मिठाने घासायचं. माझी आई गेली त्या वर्षी प्रार्थना म्हणून मला तेवढंच जमलं, आणि ती प्रार्थनाच होती असं मी आजही मानते. तुमच्या चर्चमध्येही हे काम कोणीतरी करतच असेल. विचारा, जा, हात लावा. बोलावं लागत नाही.

रात्री जमलं तर कॅथलिकांच्या रेड चर्चला जा. मी कॅथलिक नाही, तरी जाते. त्यांच्याकडे शनिवारी दिवसभर मिस्सा (वेदीवरचा मुख्य उपासनाविधी) नसतो, वेदीवर काही अंथरलेलंही नसतं. रात्री बाहेर अग्नी पेटवतात, त्यावर ईस्टरची मोठी मेणबत्ती लावतात, ती अंधाऱ्या चर्चमध्ये नेतात आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली लागते. वेळ मात्र आधी विचारून घ्या.

चपलांना कोणी हात लावायला नको. तुम्हाला वाटेल तेव्हा उचला.

रविवारी, 5 एप्रिलला, घरी राहू नका. मागच्या बाकावर बसा. कोणी ‘प्रभू उठला आहे’ म्हटलं तर त्यांचा हात धरा, पुरे. ईस्टरचा काळ पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या सणापर्यंत, चालतो; म्हणजे यंदा 24 मेपर्यंत. उत्तर द्यायला तेवढी सवड आहे, आणि त्यातही नाही जमलं तर पुढच्या वर्षी.