छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी बंद करायला सीए ४५ हजार मागताहेत, ही फी जास्त आहे का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातली दोन डायरेक्टरांची कंपनी आहे, भांडवल १ लाख, दोन-अडीच वर्षांपासून धंदा बंद. सीए ४५ हजार सांगताहेत आणि इंटरनेटवर ९,९९९ मध्ये करून देणारे दिसतात. मग ही लूट आहे का, आणि हे स्वतः करता येईल का?

मी आणि माझा मावसभाऊ गेल्याच वर्षी यातून गेलो, म्हणून सांगतो. ४५ हजार हा आकडा एकटा बघून जास्त की कमी ते कोणीच सांगू शकणार नाही. त्यात बंद करण्याचे किती आणि मागची थकबाकी निस्तरण्याचे किती, हे आधी वेगळं करून घ्या.

आमची कंपनी क्लासेसना हजेरीचं आणि फीचं सॉफ्टवेअर द्यायची. ऑगस्ट २०२२ मध्ये शेवटचं बिल फाडलं. मावसभाऊ नोकरीला बंगळुरूला गेला, मीही एका कंपनीत चिकटलो. २०२२-२३ चं ऑडिट झालं, इन्कम टॅक्सचं रिटर्नही वेळेत गेलं. राहिले एमसीएचे, म्हणजे केंद्राच्या कंपनी मंत्रालयाचे दोन वार्षिक फॉर्म, एओसी-४ (ताळेबंदाचा) आणि एमजीटी-७ए (वार्षिक विवरणाचा). का राहिले? माझी डीएससी, म्हणजे फॉर्मवर करायची डिजिटल सही, संपली होती. सीए काकांचे व्हॉट्सअॅपवर तीन मेसेज होते, ‘डीएससी रिन्यू कर’. मी निळ्या टिका करून ठेवल्या. धंदाच नाही तर फॉर्म कसला, हा आमचा शहाणपणा.

या दोन फॉर्मांना उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये लागतात. जुलै २०१८ पासून हा नियम आहे आणि त्याला वरची मर्यादा नाही. धंदा शून्य असला तरी मीटर चालूच. आम्ही १० मे २०२५ ला फॉर्म भरले तेव्हा एओसी-४ ला ५५८ दिवस उशीर होता आणि एमजीटी-७ए ला ५२८. म्हणजे ५५,८०० आणि ५२,८००. एकूण १,०८,६०० रुपये, अठराशेच्या डीएससीपायी.

पूर्ण हिशेब असा. लेट फी १,०८,६००. दोन फॉर्मची मूळ फी ६००. कंपनी काढून टाकायच्या अर्जाची, म्हणजे एसटीके-२ ची सरकारी फी १०,०००. दोघांचेही डीआयएन (डायरेक्टरचा ओळख क्रमांक) केवायसी न केल्यामुळे बंद पडले होते, ते चालू करायला ५,००० प्रत्येकी. दोन डीएससी ३,६००. स्टॅम्पपेपर, नोटरी, कुरिअर मिळून १,७००. आणि सीएंची फी २५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २९,५००. (जीएसटी नंबर आधीच रद्द केलेला, त्यामुळे हे साडेचार हजार परत मिळायचा प्रश्नच नाही.) बेरीज १,६४,०००.

यात आम्ही घासाघीस कशावर केली? त्या २५ हजारांवर! मावसभावाने आणखी तीन ठिकाणी कोटेशन मागवली, त्यात दीड महिना गेला. दोन फॉर्मचे रोजचे २०० प्रमाणे ९ हजार त्यातच उडाले. शेवटी काकांनीच ऐकवलं, “अरे, बंद करायचे पैसे थोडेच आहेत, तुम्ही झोपलात त्याचे जास्त आहेत.”

म्हणून तुमच्या सीएंना एवढंच विचारा: या ४५ मध्ये सरकारी फी धरली आहे का? किती वर्षांचं ऑडिट बाकी आहे? ऑडिट झालेलं नसेल तर ४५ हजार मला अजिबात जास्त वाटत नाहीत. दर वर्षाचं ऑडिट, ताळेबंद आणि त्यावर सीएची सही हे खरं काम आहे. आणि आता प्रत्येक सहीला यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ऑनलाइन नोंदणी क्रमांक, काढावा लागतो, त्यामुळे ‘मागची तारीख टाकून द्या ना’ हा जुना मार्गही उरलेला नाही. उलट सगळं भरलेलं असेल, सरकारी १०,००० वेगळे असतील आणि तरी नुसत्या अर्जाचे ४५ मागत असतील, तर मात्र दुसरीकडे चौकशी करा. आमच्यासारख्या कंपनीला नुसत्या बंद करण्याच्या कामाचे १५ ते २५ हजार मला रास्त वाटतात.

९,९९९ वाल्या जाहिराती मीही बघितल्या. खाली बारीक अक्षरात ‘सरकारी फी, डीएससी, ऑडिट, थकीत रिटर्न वेगळे’ असं असतं. एका एजंटने तर ‘आकुर्डीत आपली ओळख आहे’ म्हणून ८ हजार वरचे सांगितले. गंमत म्हणजे १ मे २०२३ पासून हे अर्ज आकुर्डीच्या आरओसी (कंपनी निबंधक) ऑफिसात बघितलेच जात नाहीत. देशभरचे सगळे सी-पेस नावाच्या केंद्राकडे जातात, ते हरियाणात मानेसरला आहे.

स्वतः करता येईल का, तर पूर्ण नाही. शेवटचं हिशेबपत्रक सीएने प्रमाणित केलेलं लागतं आणि एसटीके-२ वरही प्रॅक्टिस करणाऱ्या सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंटची डिजिटल सही लागते. पण धावपळ तुम्ही करू शकता. दोघांची प्रतिज्ञापत्रं आणि इंडेम्निटी बाँड (पुढे देणं निघालं तर आम्ही भरू अशी हमी), त्यांची नोटरी, बँकेकडून खातं बंद झाल्याचं पत्र, जीएसटी रद्द करून शेवटचं रिटर्न जीएसटीआर-१० भरणं, प्रोफेशन टॅक्सचा पीटीईसी नंबर रद्द करणं. हा पीटीईसी बहुतेक जण विसरतात आणि वर्षाचे २,५०० लागत राहतात.

या धावपळीत आम्ही एकदा आपटलो. हिशेबपत्रक अर्जाच्या तारखेला ३० दिवसांपेक्षा जुनं चालत नाही. आम्ही ते आधी करून घेतलं, मग मावसभावाच्या सहीचे कागद बंगळुरूहून यायला आठवडा, बँकेचं पत्र यायला तीन आठवडे. बत्तिसाव्या दिवशी सगळा गठ्ठा घेऊन मी काकांच्या ऑफिसात. त्यांनी तारीख बघितली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. पत्रक पुन्हा केलं. दुसऱ्यांदाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, पण सगळेच असे नसतात. तेव्हा बँकेचं पत्र आधी, हिशेबपत्रक सगळ्यात शेवटी.

आणि खातं बंद करण्याआधी टीडीएसचा परतावा अडकलाय का ते बघा. आमचे १४,२०० रुपये पोर्टलवर खातं व्हॅलिडेट नसल्यामुळे पडून होते. खातं बंद केलं असतं तर ते यायला जागाच नव्हती. सीएंची फीसुद्धा खात्यात पैसे आहेत तोवर कंपनीतूनच द्या. पत्रकात शेवटी देणं-घेणं काही उरता कामा नये.

एसटीके-२ साठी मागची सलग दोन आर्थिक वर्षं धंदा बंद असावा लागतो. आमचं २०२३-२४ आणि २०२४-२५ कोरं होतं म्हणून जून २०२५ मध्ये अर्ज करता आला. ज्या वर्षात धंदा थांबला त्या वर्षापर्यंतचे एओसी-४ आणि एमजीटी-७ए मात्र भरलेले हवेत. नंतरच्या वर्षांचे अर्जासाठी मागत नाहीत, पण आरओसीची कंपनी काढून टाकायची नोटीस आधीच आली असेल तर सगळेच भरावे लागतात. तुमच्याकडे तशी नोटीस आली असेल तर सीएंपासून लपवू नका.

कोणी म्हणेल, काहीच करू नका, सरकार आपोआप काढून टाकेल. टाकतं खरं. २०१७ मध्ये २ लाखांहून जास्त कंपन्या अशाच काढल्या, पण त्याच वेळी ३ लाखांच्या आसपास डायरेक्टर अपात्रही ठरले. सलग तीन वर्षं फॉर्म भरले नाहीत तर पाच वर्षं कुठल्याही कंपनीत नव्याने डायरेक्टर होता येत नाही. माझ्या मावसभावाला पुढे पुन्हा कंपनी काढायची आहे, म्हणून आम्ही तो मार्ग धरला नाही.

लेट फीवर सवलतीची योजना चालू आहे का तेही सीएंना विचारून घ्या. २०२० मध्ये १ एप्रिल ते ३१ डिसेंबर अशी एक निघाली होती आणि तेव्हा लेट फी माफ होती. अशी योजना हाताशी लागली तर तुमच्या ४५ चा हिशेबच बदलेल.

पण त्याआधी एमसीएच्या साइटवर लॉगिन करून ‘कंपनी मास्टर डेटा’ उघडा. शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा भरलाय ते तिथे फुकट दिसतं. तिथली तारीख बघूनच सीएंना फोन लावा.