चरबीच्या पेशी शिकून पोट भरेल का?

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाचं पत्र आलंय. मुलगी टीवाय बी.एस्सी.ला आहे. चरबीच्या पेशी वाढताना आणि उपाशी पडल्यावर त्यांतली प्रथिनं कशी बदलतात, यावर तिला संशोधन करायचंय. वडील म्हणतात, बी.एड. करून मोकळी हो. 'चरबी शिकून काय खाटकाचं दुकान टाकायचंय?' असंही लिहिलंय. शेवटच्या ओळीत स्थळं येताहेत म्हणून कळवलंय.

नमस्कार भाऊ,

दुकानावरून हसलो. पण मुलगी काय म्हणते ते आधी बघू.

चरबीची पेशी म्हणजे घरातली कणगी. सुगीत भरायची, अडचणीत काढायची. प्रयोगशाळेत उंदराच्या लांबुडक्या, रिकाम्या पेशींना इन्सुलिन आणि आणखी दोन औषधं देतात. आठ-दहा दिवसांत त्या गोल होतात, सूक्ष्मदर्शकाखाली आत तेलाचे थेंब चमकतात. तेवढ्यात साखर आत घेणारी, चरबी बनवणारी प्रथिनं वाढलेली असतात. थेंबावर पेरिलिपिन नावाचा राखणदार बसतो. शरीराला उपास घडला, इन्सुलिन उतरलं, की याच राखणदारावर फॉस्फेट चढतं आणि तो चरबी फोडणाऱ्या एन्झाइमांना वाट देतो. कुठलं प्रथिन किती वाढलं, किती घटलं, हे मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या, रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर मोजतात. आणि चरबी वाईटच, असं नाही हो. काहींच्या अंगात या पेशी जन्मतः जवळपास नसतातच. त्यांना कमी वयात मधुमेह गाठतो, यकृतात चरबी साचते. कणगी नाही म्हटल्यावर धान्य घरभर सांडणारच.

आता पोटाचं. नुसत्या बी.एस्सी.वर असं संशोधन हाती येत नाही, खोटं सांगणार नाही. एम.एस्सी. जळगावच्या विद्यापीठात होईल; बाहेर जायचं तर जॅम किंवा गॅट-बीसारखी प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं. मात्र पीएच.डी. पाच-सहा वर्षं खाते. बी.एड. नंतरही करता येतं.

मला काळजी वेगळीच आहे. पेशींचं खाद्य दर दोन-तीन दिवसांनी बदलावं लागतं, पोळा असो की दिवाळी. तुम्ही सणाला केळीचं ठिबक बंद ठेवता का? तसंच. हे तिला झेपतं का, ते उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत काढल्याशिवाय कळायचं नाही. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी शिष्यवृत्ती असते, तिचा अर्ज भरू द्या.

स्थळांचं मी काही लिहीत नाही. ते तिला विचारा.