जुनी गिटार भारी का वाजते, आणि सांगलीतली ती यामाहा घ्यावी का

भावा, तू दोन गोष्टी एकदम विचारल्यास. विंटेज अकूस्टिकमध्ये (म्हणजे जुन्या नावाजलेल्या, विजेशिवाय वाजणाऱ्या गिटारींत) आवडती कोणती आणि त्यात एवढं काय असतं, आणि सांगलीत एकजण जुनी यामाहा एफजी-180 विकतोय ती घेऊ का. आधी पहिल्याचं सांगतो, त्यातच दुसऱ्याचं निम्मं उत्तर आहे.

माझी आवडती म्हणशील तर गिब्सन जे-45, तीपण 1942 ते 45 मधली. नावातला 45 म्हणजे तेव्हाची किंमत, 45 डॉलर. महायुद्ध चालू होतं, गिब्सनच्या अमेरिकेतल्या कलमाझूच्या कारखान्यातले गडी लढाईवर गेलेले, त्यामुळं गिटारी बनवायला बऱ्याच बायका होत्या, धातूची टंचाई इतकी की काही गिटारींच्या नेकमध्ये (दांडीत) ट्रस रॉडच नाही, म्हणजे नेक वाकू नये म्हणून आत घालतात ती सळीच नाही, आणि तरीपण त्या गिटारी आज लोक शोधत फिरतात. मुंबईत एका संग्राहकाकडं मला एक वाजवायला मिळाली होती. आवाज कोरडा, खर्ज दणकट, आस (तार छेडल्यावर रेंगाळणारा आवाज) मात्र फार लांबत नाही, त्यामुळं गाणाऱ्याच्या मधे मधे येत नाही. साथीला याच्यासारखी गिटार नाही असं माझं मत, सोलो वाजवणाऱ्यांना पटणार नाही ते सोडून दे.

दुसरी म्हणजे युद्धाआधीची मार्टिन डी-28, ड्रेडनॉट साइजची (हे नाव एका ब्रिटिश युद्धनौकेवरून घेतलंय). ही मी वाजवलेली नाही, रेकॉर्डिंगमध्येच ऐकलीय, पण खरी गोम हिच्यात कळते. गिटारच्या टॉपला, म्हणजे पुढच्या फळीला, आतून लाकडी पट्ट्या मारलेल्या असतात, एक्सच्या आकारात, त्याला ब्रेसिंग म्हणतात. तारांचा ताण सगळा मिळून पाऊणशे किलोच्या आसपास जातो आणि तो झेलायला त्या पट्ट्या लागतातच, पण जेवढ्या जाड ठेवाल तेवढा टॉप हलायचा कमी. मार्टिनवाले तेव्हा या पट्ट्या मधे मधे खोलगट तासून हलक्या करायचे. मग लोक जाड तारा चढवायला लागले, टॉप फुगायला लागले, आणि 1944 च्या शेवटी कंपनीनं तासणं बंद करून पट्ट्या जाड ठेवल्या. गिटार मजबूत झाली पण तो मोकळा आवाज गेला. म्हणजे बघ, आपण ज्याला विंटेज टोन म्हणतो तो बराचसा हलक्या बांधणीचा आवाज आहे, गिटार मोडायच्या काठावर ठेवलेली असते म्हणून ती तशी बोलते.

आता तू लिहिलंस की क्लासमधले सर म्हणतात खरी जादू ब्राझिलियन रोझवूडची. सरांना माझा नमस्कार सांग, पण मला हे पटत नाही. मार्टिननं 1969 च्या सुमारास ब्राझिलियन सोडून भारतीय रोझवूड घेतलं ते आवाजासाठी नाही, ब्राझीलनं ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं म्हणून. आणि भारतीय रोझवूड म्हणजे आपला शिसव रे, आजीच्या घरातलं ते काळं जड कपाट ज्याचं असतं तोच, आपल्या सह्याद्रीत वाढणारा! 2018 मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एकसारख्या सहा गिटारी बनवून घेतल्या, फक्त मागचं-बाजूचं लाकूड वेगवेगळं, आणि 52 वादकांना नीट दिसणार नाही अशी सोय करून वाजवायला दिल्या. स्वस्त लाकूड आणि महागडं लाकूड यांच्यात लोकांना धड फरक करता आला नाही. त्याच्या कितीतरी आधी, 1862 मध्ये, स्पेनच्या तोरेस नावाच्या गिटार बनवणाऱ्या कारागिरानं मागची आणि बाजूची अंगं चक्क कागदाच्या लगद्याची करून गिटार बनवली होती, हे दाखवायला की आवाज टॉपमध्ये असतो. ती अजून बार्सिलोनाच्या म्युझियममध्ये आहे. दिसायला ब्राझिलियन देखणं असतं, मान्य. पण 1992 पासून सायटीसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) सगळ्यात कडक यादीत आहे, कागदपत्रं नसतील तर देशाबाहेर न्यायची-आणायची भानगड.

वयाचा फरक पडतो, नाही म्हणत नाही. स्प्रूस (टॉपला वापरतात ते लाकूड) जुना होईल तसा त्यातले काही घटक झिजतात, लाकूड हवेतला ओलावा कमी पितं आणि हलकं होतं. आता नव्या गिटारींचे टॉप भट्टीत भाजून तेच करायचा प्रयत्न करतात. पण जुनी म्हणजे चांगली असं डोक्यात घेऊ नको. साठच्या दशकात गिब्सननं बऱ्याच गिटारींना प्लास्टिकचे ब्रिज (टॉपवर तारा अडकवतात तो ठोकळा) बसवले, आणि 1971 पासून तर आत एकाऐवजी दोन एक्स मारले, वॉरंटीत परत येऊ नयेत म्हणून. त्या गिटारी पन्नास वर्षांच्या झाल्या तरी बंदच आवाज देतात, कितीही वाजवा.

आता तुझी यामाहा. एफजी-180 जपानमध्ये 1966 ला आली, माझ्याकडं लाल लेबलवाली आहे, बोटीवर नोकरीला असलेल्या मामानं आणलेली. टॉपसकट सगळी प्लायची (पातळ थर चिकटवलेल्या लाकडाची) आहे आणि लोक यालाच नाकं मुरडतात, पण कोल्हापुरात राहणाऱ्याला हे वरदान आहे. आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, सॉलिड टॉप (अखंड लाकडाचा) पाणी पिऊन फुगतो, ॲक्शन (तारांची नेकपासूनची उंची) वर जाते, मग एप्रिलमध्ये तोच टॉप आकसून तडकतो. माझी यामाहा इतके पावसाळे काढून तशीच आहे. बांधणी हलकी आहे म्हणून प्लाय असूनपण आवाज मोकळा येतो, मार्टिनसारखा नाही, पण हजारो रुपये जास्त देऊन मिळणाऱ्या कितीतरी नव्या गिटारींपेक्षा बरा.

घ्यायच्या आधी मात्र नेकचा कोन बघच. एक लांब सरळ मोजपट्टी फ्रेटवरून (नेकवरच्या धातूच्या आडव्या तारांवरून) ब्रिजकडं ने, ती ब्रिजच्या माथ्यावर टेकली तर छान, खाली ब्रिजच्या पुढच्या अंगावर आपटली तर नेक रीसेट (नेक काढून कोन दुरुस्त करून परत बसवणं) लागणार आणि या यामाहाचे नेक सुटता सुटत नाहीत, कारागीर शिव्या घालतो आणि बिल गिटारच्या किमतीएवढं येतं. सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात तो अरुंद तुकडा) आधीच घासून घासून संपलेली असेल तर तेपण त्याच दुखण्याचं लक्षण, सौदा सोड. मग ब्रिजच्या मागं कागदाचा तुकडा सरकवून बघ, आत गेला तर ब्रिज उचकटतोय, हे दुरुस्त होतं, किंमत पाडून घे. मोबाइलचा टॉर्च आणि छोटा आरसा आत घालून ब्रेसिंगच्या पट्ट्या सुटल्यात का बघ, वरून बोटानं टकटक केलंस की सुटलेली पट्टी खरखरते. प्लास्टिकची सॅडल असेल तर चिंता नको, मिरजेत सतारमेकर गल्लीत हाडाची बसवून मिळते, सतारीच्या घोड्या करणाऱ्या हातांना ते काम काहीच नाही, मी माझी तिथूनच करून घेतली. आणि तारा 11 किंवा फार तर 12 च्या लाव (हा आकडा सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजारव्या भागात), दुकानदार 13 च्या गळ्यात मारायला बघेल.