सॉकेटवरून आलेला जेसन कधी डिकोड होतो, कधी एरर देतो, असं का?

तुमच्या पायथॉन प्रोग्राममध्ये सॉकेटवरून (दोन प्रोग्राममधल्या नेटवर्क जोडणीवरून) जेसन (मजकुराच्या रूपात लिहिलेला डेटा) येतो आणि तो डिकोड करताना, म्हणजे परत उलगडताना, एरर येतो. रिसीव्हचा बफर, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती बाइट उचलायचे तो आकडा, १०२४ वरून ४०९६ केला, एरर कमी झाला पण गेला नाही, असं तुम्ही लिहिलंय. ६५५३६ केला तरी जाणार नाही. जेसन बरोबर आहे, बफर पण बरोबर आहे, फक्त एकदा रिसीव्ह केलं की एक मेसेज आला असं तुम्ही धरून चाललाय तिथं घोळ आहे. मी पण तेच धरलेलं.

सांगलीजवळच्या एका साखर कारखान्याचं काम होतं. काट्याच्या केबिनमधला पीसी गाडी नंबर, वजन, शेतकऱ्याचं नाव, गाव असं सगळं जेसन करून ऑफिसातल्या सर्व्हरला पाठवायचा, एक रेकॉर्ड साधारण ३०० बाइटचं. घरी एकाच लॅपटॉपवर दोन्ही प्रोग्राम चालवून बघितले तर एकदम मक्खन. हंगाम सुरू झाला, ट्रॉल्यांची लाईन लागली, केबिन ते ऑफिस वायरलेस लिंक होती ती मधेच पडायची आणि परत आली की साठलेले मेसेज एकदम सुटायचे, आणि माझा रिसीव्ह त्यातले १०२४ बाइट उचलायचा म्हणजे तीन रेकॉर्ड पूर्ण आणि चौथ्याचे १२४ बाइट. 'एक्स्ट्रा डेटा' म्हणून एरर. चौथ्याचा तुकडा मराठी अक्षराच्या मधोमध पडला तर युनिकोडचा एरर, कारण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) आपलं एकेक अक्षरचिन्ह ३ बाइटचं असतं. आणि मी शहाण्यानं काय केलेलं, एरर आला की लॉगमध्ये टाकून पुढं जायचं! एक शेतकरी काट्याची पावती घेऊन ऑफिसात आला तेव्हा कळलं की त्याची ट्रॉली सिस्टीममध्ये नाहीच.

टीसीपी, म्हणजे हा डेटा ज्या पद्धतीनं नेटवर्कवरून वाहतो ती, म्हैसाळच्या कालव्याचं पाणी समजा. वरच्या पंपानं किती वेळा उचलून टाकलं ते खाली जतला बसलेल्या माणसाला दिसत नाही, त्याला नुसतं पाणी येतंय एवढंच दिसतं. बाइट क्रमानं येणार, गाळले जाणार नाहीत, एवढीच गॅरंटी. मेसेज कुठं संपला ते तुम्हीच ठरवायचं.

सगळ्यात सोपं म्हणजे प्रत्येक जेसनच्या शेवटी न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) टाका. जेसनच्या स्ट्रिंगमध्ये खरी न्यूलाइन चालतच नाही, ती एस्केप होऊन, म्हणजे \n अशी दोन चिन्हं होऊन येते, त्यामुळं गोंधळ होत नाही, फक्त इंडेंट लावून, ओळी पाडून सुंदर जेसन पाठवू नका. सर्व्हरवर प्रत्येक कनेक्शनचा वेगळा बफर (आलेले बाइट साठवायची जागा) ठेवा, जे येईल ते त्याला जोडत जा, न्यूलाइन सापडली की तिथपर्यंतचं कापून डिकोड करा, उरलेलं तसंच राहू द्या. आधी कापायचं, मग डिकोड, उलटं नाही. रिसीव्हनं रिकामे बाइट दिले तर समोरच्यानं कनेक्शन बंद केलंय, लूपमधून बाहेर पडा, नाहीतर सीपीयू १०० टक्क्यावर जाऊन बसतो.

दुसरी पद्धत म्हणजे प्रत्येक मेसेजच्या सुरुवातीला ४ बाइटमध्ये त्याची लांबी लिहायची. मी शेवटी हीच घेतली, पण इथं पण आपटलो. लांबी बाइटमध्ये मोजायची, अक्षरांत नाही. 'कवठेमहांकाळ' पायथॉनला विचारलं तर ११ सांगतो, वायरवर ते ३३ बाइट असतात. दुसरं म्हणजे बाइटचा क्रम. पाठवणारा बिग एंडियन (मोठ्या किमतीचा बाइट आधी) आणि वाचणारा लिटल (लहान किमतीचा आधी) असेल तर ३०० चे ७३,८२,६३,०४० होतात आणि सर्व्हर बिचारा तेवढ्या बाइटची वाट बघत गप बसून राहतो, एरर नाही काही नाही, माझी एक अख्खी दुपार यात गेली. म्हणून लांबीवर मर्यादा पण घाला, १ एमबीच्या वर आलं की कनेक्शन तोडा. आणि ते ४ बाइट पण तुटून येऊ शकतात बरं का, २ आत्ता २ नंतर.

कुणीतरी जेसनऐवजी पिकल (पायथॉनची डेटा साठवायची स्वतःची पद्धत) वापरा म्हणून सांगेल, नेटवर्कवरून आलेलं पिकल कधी उघडू नका, त्यातून समोरचा तुमच्या सर्व्हरवर कोड चालवू शकतो. आणि पाठवताना दोन मेसेजच्या मधे स्लीप (थोडा वेळ थांबणं) टाकायचा उपाय मी केलेला, दोन दिवस चालल्यासारखा वाटतो, पण खरा उपाय तो नाही.

टेस्ट करताना एकदा एकेक बाइट वेगळा पाठवून बघा आणि एकदा दहा मेसेज चिकटवून एकदम. दोन्ही वेळेला रेकॉर्ड मोजून बरोबर आली तरच लाइव्हला लावा.