कोर्स नंतर, आधी अंघोळीची घाई थांबवा

सांगलीत विश्रामबागला डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी छोटं केंद्र काढताय आणि नर्सिंग ब्यूरोकडून देखभालीला आलेल्या मावश्यांना कुठला कोर्स द्यावा, असं विचारलंय. कोर्स जरूर द्या. पण नुसता बसून ऐकायचा असेल तर आठवड्यात विसरला जाईल. मावश्या वाईट नसतात हो. नऊच्या आत सगळ्यांच्या अंघोळी उरकायच्या, असं आपणच बजावलेलं असतं. मग त्या घाई करतात, म्हातारं माणूस बिचकतं, हात उगारतं आणि वहीत 'पेशंट मारतो' अशी नोंद पडते.

म्हणून शिकवायला अंघोळीपासूनच घ्या. बाथरूम आधी उबदार करायचं, अंगावर टॉवेल राहू द्यायचा, पाणी पायांपासून घालायचं, डोक्यावर एकदम ओतायचं नाही. एक मग आजींच्याच हातात द्यायचा. 'नको' म्हणाल्या तर अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचं. एखाद्या दिवशी अंग पुसून घेतलं तरी काही बिघडत नाही. आणि एक प्रयोग करा: एका मावशीचे डोळे बांधा, दुसरीने अवाक्षर न बोलता तिला वरणभात भरवायचा. दोन-तीन घासांत खिदळणं थांबतं आणि पेशंटला काय वाटत असेल ते कळतं.

या विचाराचा पाया घातला तो इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या टॉम किटवुड या मानसशास्त्रज्ञाने. १९९७ च्या पुस्तकात त्याने मांडलं, की रुग्णाची अवस्था एकट्या मेंदूच्या झिजेवर ठरत नाही, भोवतालची माणसं कशी वागतात त्यावरही ठरते. घाई करणं, लहान मुलासारखं बोलणं, समोर असून नसल्यासारखं वागवणं यांनी माणूस आणखी खचतो. आणि हे कुणी मुद्दाम करत नाही, हेही त्याने स्पष्ट लिहिलंय.

फाइलमध्ये औषधांच्या वर एक पान लावा: पूर्वी काय काम करायचे, कोणत्या नावाने हाक मारायची, चहा कसा लागतो, कशाची भीती वाटते. समजा, एक आजोबा मार्केट यार्डात हळदीचे अडते होते. सकाळी सकाळी "सौदे निघाले असतील" म्हणत दाराशी जातात. "आता कुठला बाजार? बसा गप" म्हटलं की भांडण ठरलेलं. त्याऐवजी "यंदा माल कसा आहे, अण्णा?" म्हणून पुढ्यात हळकुंडांची परडी ठेवा. मोडून आतला रंग बघतील, बोटं-गड्डे निवडत बसतील. त्यांनी वारलेल्या बायकोची चौकशी केली तर रोज नव्याने मरणाची बातमी देऊ नका. तिच्याबद्दल विचारा, त्यांना बोलू द्या.

मात्र वागणं एकदम एक-दोन दिवसांत बदललं, तर ते परडीवर भागवू नका. त्यामागे लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, कुठली दुखापत, नवीन गोळी असू शकते; मावशीने बदल ताबडतोब कळवायचा आणि डॉक्टरांनी तपासायचं. झोपेची गोळी वाढवून मागणं हा पहिला उपाय नव्हे. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिलाय.

राहिला ब्यूरो. दर पंधरवड्याला बाई बदलली तर वरचं सगळं पाण्यात. तीच मावशी त्याच दोन-तीन रुग्णांकडे राहील, हे करारातच लिहून घ्या. त्यासाठी चार पैसे जास्त मोजावे लागतील, ते फीमध्ये आत्ताच धरा.