वाचकांचे प्रश्न : पगार सुटतो, धंदा लागतो, त्या मधल्या गोष्टी

या वेळी घरगुती उद्योगाविषयीची पत्रे घेतली आहेत. वाचकांच्या विनंतीवरून नावे गाळली आहेत.

प्रश्न : माहेर वसईचे, सासर गोव्यातल्या सासष्टीतले. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत नऊ वर्षे झाली. नवरा तारवटी, वर्षातले आठ-नऊ महिने जहाजावर. लग्नाची नोंद मडगावलाच झाली, लग्नाआधी वेगळा करार वगैरे काही केला नव्हता. आता बेबिंक (थरांची गोड मिठाई), दोदोल (नारळाच्या दुधाचा हलवा) आणि नाताळचा कुस्वार, म्हणजे फराळ, घरून करून विकायचा आहे. पुढच्या महिन्यात राजीनामा देणार. मैत्रीण म्हणते, धंदा तुझ्या नावावर म्हणजे हिशेब आणि कर तुझा एकटीचा. हे बरोबर आहे ना?

उत्तर : तुम्ही मुंबईत असता तर मैत्रिणीचे बरोबर होते. गोव्यात नाही.

१८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. हा नियम फक्त ख्रिस्तींपुरता आहे असा समज पक्का रुजलेला आहे. तो गोव्यातल्या सगळ्याच धर्मांच्या जोडप्यांना लागतो. लग्नानंतर ही व्यवस्था बदलताही येत नाही. आयकरात तिचे प्रतिबिंब म्हणजे १९६१ च्या कायद्यातले कलम ५-अ; १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या आयकर कायद्यातही हीच वाटणी आहे. पगार ज्याचा त्याच्या नावावर करपात्र. मात्र धंद्याचा नफा, भाडे, व्याज ही उत्पन्ने दोघांत निम्मी-निम्मी वाटली जातात. नऊ वर्षे पगारच होता, म्हणून हे कलम तुमच्या वाटेला आले नाही. पहिल्या बेबिंकेपासून येईल.

आकड्यात सांगायचे तर, समजा वर्षाचा निव्वळ नफा १० लाख. पाच तुमच्या विवरणपत्रात, पाच नवऱ्याच्या. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, आणि भारतातल्या रहिवाशाला १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. तुमचे पाच लाख तसे सुटतील. नवरा भारतात १८२ दिवसांहून कमी असला तर तो अनिवासी ठरतो आणि ती सूट अनिवाशाला नाही. त्याच्या पाच लाखांतल्या वरच्या एका लाखावर ५ टक्के, म्हणजे ५,००० आणि उपकर धरून ५,२०० रुपये. रक्कम मोठी नाही. पण त्याने विवरणपत्रच भरले नाही तर तुमच्या फॉर्ममधली निम्मी रक्कम कुठेच उमटत नाही आणि नोटीस येते. दोघांनीही विवरणपत्राचा आयटीआर-३ हा नमुना भरायचा, त्यातल्या शेड्यूल ५-ए मध्ये एकमेकांचा पॅन लिहायचा. छोट्या धंद्याला सोपा म्हणून सुचवला जाणारा आयटीआर-४ अशा वाटणीच्या उत्पन्नाला चालत नाही. गोव्याबाहेरचे कर सल्लागार इथेच हमखास चुकतात, तेव्हा सल्लागार गाठताना पहिला प्रश्न कलम ५-अ चाच विचारा.

दुसरे, सही. घर किंवा जमीन गहाण टाकायची तर दोघांच्या सह्या लागतात, आणि तुमचा दुसरा सहीवाला समुद्रावर. तो जहाजावर चढण्याआधीच गोव्यात नोटरीसमोर मुखत्यारपत्र करून घ्या. ‘सर्व कामांसाठी’ असे मोघम नको. कर्ज, गहाण, वीजजोड, पंचायत अशी कामे नावानिशी लिहा. परदेशातून करून आणले तर ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करावे लागते. ही मुदत चुकली की बँक कागद परत करते.

आता राजीनाम्याची तारीख. भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकात नोकरीची नेमकी वर्षे-महिने मोजा. निवृत्तिवेतनाला दहा वर्षे लागतात, पण सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. साडेनऊ भरली की दहा. तुम्ही नऊ वर्षे दोन महिन्यांवर असाल तर चार महिने थांबणे हाच शहाणपणा. निधीची रक्कम भांडवल म्हणून उचलण्याची घाई करू नका. ग्रॅच्युइटी पाच वर्षांपुढे लागू होतेच : शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षे. पहिल्या ओव्हनचे पैसे त्यातून येऊ द्या.

कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी नोकरीत असतानाच मागा, म्हणजे जुन्या आजारांची थांबण्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. गोव्यात पाच वर्षे राहणाऱ्यांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. कुटुंबात तीन माणसांपर्यंत अडीच लाखांचे संरक्षण, चार किंवा अधिक असल्यास चार लाखांचे. ती हाताशी असावी, पण एकट्या तिच्यावर विसंबू नये.

आणि एक, सांगायला बरे वाटत नाही तरी : नोकरीत असताना ‘नवऱ्याच्या नावाने’ ऑर्डरी घेणे सुरू असेल तर थांबवा. नेमणूकपत्रात दुसरा व्यवसाय न करण्याची अट बहुधा असते. नोकरी सुटल्यावर तुमचा धंदा कंपनी अडवू शकत नाही, १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ तुमच्या बाजूने आहे. नोकरीत असतानाचे मात्र अंगलट येते.

प्रश्न : म्हापशातल्या एका दुकानाला सात थरांची बेबिंक ८०० रुपयांना देते, दुकान २० टक्के कापून घेते. मागणी भरपूर आहे, तरी महिनाअखेर हाती काही उरत नाही. कुठे गळते आहे?

उत्तर : तुमच्या वेळेत. एका बेबिंकेचा हिशेब मांडू. भाव तुमच्या बाजारातले घालून घ्या. १२ पिवळे बलक, म्हणजे १२ अंडी, ९६ रुपये. तीन नारळांचे दाट दूध १५०. तूप पाव किलो १७५. साखर ४०० ग्रॅम २०. मैदा आणि जायफळ १५. झाले ४५६. वीज २०, खोका आणि लेबल ४०. एकूण ५१६. तुमच्या हाती येतात ६४०. उरले १२४, आणि नारळ खवण्यापासून थर सोडवण्यापर्यंत तीन तास गेले. तासाला ४१ रुपये. मजुरी तासाला १२५ धरली तर ३७५ वाढून खर्च ८९१ होतो, वीसात एक बिघडते ते धरून साधारण ९३६. दुकानाचे २० टक्के सोसायचे तर किंमत ११७० हवी. त्याखाली विकली की तुम्ही दुकानाला स्वतःच्या खिशातून देता.

नुसती किंमत वाढवून भागणार नाही, कारण शेजारचीही ८०० लाच देते. बेबिंकेतला बराचसा वेळ वाट बघण्याचा असतो, तिथे हात घाला. एका थराला वरच्या आचेवर आठ-दहा मिनिटे. तेवढ्यात हात रिकामे. दोन ओव्हन ठेवा, एकात थर शिजताना दुसऱ्यात ओता. एका बेबिंकेमागची मजुरी जवळजवळ निम्मी होते. पण दोन हजार वॅटचे दोन ओव्हन म्हणजे चार किलोवॅट. वीजबिलावरचा मंजूर भार आधी पाहा. घरगुती मीटरवर धंदा चालवणे वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये बसते, आकारणी दुप्पट दराने होते. खोलीसाठी व्यावसायिक जोड घेतलेला स्वस्त पडतो.

बिघडणाऱ्या बेबिंकेची कारणे तीन-चारच. खालचा थर पुरता लाल व्हायच्या आत दुसरा ओतला की दोन्ही मिसळतात आणि कापल्यावर रेषा दिसत नाही. थरांमध्ये तूप कमी पडले की ते सुटे होत नाहीत. दूध पातळ असले की रबरासारखी लागते. पहिल्या दाबाचेच दूध घ्या, पाणी घालून काढलेले दुसरे दूध दोदोलाला ठेवा. ओव्हनची खालची तापणारी काठी चालू राहिली तर सात थर होईपर्यंत तळ करपतो, म्हणून पहिल्या थरानंतर फक्त वरची.

राहिले पांढरे बलक. बारा अंड्यांचे चारशे ग्रॅमच्या आसपास होतात आणि अनेक घरांत ते मोरीत जातात. डब्यावर तारीख घालून गोठवा, काजूचे माकरूम करा किंवा बेकरीला विका.

बेबिंकेला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तो शिक्का खोक्यावर छापायचा असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आधी नोंद करावी लागते.

प्रश्न : पणजीत आयटीतली नोकरी सोडून केक करते. सासूबाई म्हणतात रविवारी ओव्हन पेटवायचा नाही. पण बाप्तिस्मे रविवारीच असतात. शिवाय ईस्टरआधीच्या उपवासकाळात ऑर्डरीच नसतात. काय करावे?

उत्तर : सासूबाईंशी वाद घालायचे कारण नाही, रविवारी ओव्हन पेटवावाच लागत नाही. केक शनिवारी दुपारी भाजून, सजावट रविवारी सकाळी तासाभरात होते, किंवा शनिवारी संध्याकाळी पोहोचवता येतो. रविवारच्या मिस्सेचे (चर्चमधल्या प्रार्थनाविधीचे) कर्तव्य शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही पूर्ण होते, हे चर्चच्या कायद्यातच आहे. ‘रविवारी दहानंतर पोच नाही’ हे दरपत्रकात छापा. तोंडी सांगितलेले कोणी पाळत नाही, नातेवाईक तर मुळीच नाही.

उपवासकाळाचे म्हणाल तर ते सहा-साडेसहा आठवडे हिशेबात आधीच शून्य धरा. २०२७ मध्ये उपवास सुरू होतो तो राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे नाताळाच्या कमाईवर मार्चअखेरपर्यंत तगायचे. लग्ने त्या दिवसांत सहसा नसतात. मांस टाळणाऱ्यांसाठी भाजीचे आणि कोळंबीचे पॅटिस, शुभशुक्रवारच्या आधी हॉट क्रॉस बन, एवढेच चालते. ओव्हनची दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण, कामगारांची वैद्यकीय तपासणी ही कामे याच काळात उरका. ईस्टरनंतर मेअखेरपर्यंत लग्ने आणि पहिले कम्युनियन एकदम अंगावर येतात. मे महिन्यातच पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी असते. लोणची, व्हिनेगर, सुके जिन्नस तेव्हा जातात. जून ते सप्टेंबर दमट हवा. त्या दिवसांत कुलकुल, नेवऱ्या तळून कोमट असताना भरल्या की दुसऱ्या दिवशी नरम. पुरत्या गार झाल्यावर हवाबंद डब्यात.

नाताळच्या फळांचे भिजवण ऑगस्ट-सप्टेंबरात होते, पैसे डिसेंबरात येतात. या चार महिन्यांचे भांडवल लोक विसरतात आणि नोव्हेंबरात काजू उधारीवर, महाग घेतात. ऑर्डरीचे निम्मे पैसे ३० नोव्हेंबरच्या आत घ्या.

प्रश्न : हळदोण्याची, अविवाहित. नोकरी सोडली. वडिलोपार्जित घरात जॅम-लोणच्यांचा उद्योग काढायचा आहे. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अकरा नावे, चौघे पोर्तुगालात. अल्पसंख्याक महिला म्हणून कर्ज मिळेल का?

उत्तर : घर गहाण टाकायचा विचारच सोडा, त्याची गरज नाही. छोट्या उद्योगाला निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. पीएमईजीपी या नव्या उद्योगांना अनुदानासह कर्ज देणाऱ्या केंद्राच्या योजनेत महिला आणि अल्पसंख्याक दोन्ही विशेष गटात येतात, पण दोन कारणांचे दुप्पट मिळत नाही. स्वतःचे ५ टक्के, अनुदान पंचायत भागात ३५ आणि शहरात २५ टक्के. ८ लाखांच्या प्रकल्पात तुमचे ४०,००० आणि अनुदान २,८०,०००. ते तीन वर्षे बँकेत अडकवून ठेवतात, मग कर्जातून वळते होते. जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत. सर्वांत मोठी अट : उद्योग नवा हवा. आधी यंत्रे घेऊन, उत्पादन सुरू करून मग अर्ज केला तर बाद. अर्ज घेणे चालू असल्याची खात्री जिल्हा उद्योग केंद्रात करा आणि तोवर एक बाटलीही विकू नका.

राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाच्या कर्जाला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची ८ लाखांची मर्यादा आहे. मामलेदारांच्या दाखल्यात गेल्या वर्षीचा पगार उमटला तर तुम्ही त्यात बसणार नाही. एक वर्ष जाऊ द्यावे लागेल.

अकरा नावांचा त्रास वेगळ्या ठिकाणी होतो : पंचायतीचा परवाना आणि वीजजोड यांना सहमालकांची ना-हरकत मागतात. पोर्तुगालातल्या चौघांच्या सह्या गोळा करण्यात वर्ष जाईल. गावातच एक खोली लेखी भाडेकराराने घ्या, उद्योग तिथे सुरू करा, घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कोर्टातून होणारी वाटणी, आपल्या गतीने होऊ द्या. अन्नसुरक्षा नोंदणी सरकारच्या फॉसकॉस संकेतस्थळावर आणि छोट्या उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी स्वतः करता येते. दुसरी तर मोफत आहे. त्यासाठी हजारो रुपये मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

प्रश्न : नाताळच्या हॅम्परमध्ये घरी केलेली द्राक्षाची वाईन ‘भेट’ म्हणून घातली तर चालेल ना?

उत्तर : नाही. हॅम्परचे पैसे घेतले की आतली बाटली विक्रीचाच भाग. अबकारी परवान्याशिवाय वाईन विकणे गुन्हा आहे आणि अन्नसुरक्षेची नोंदणी तिथे कामाची नाही. तिच्या जागी कोकमाचे किंवा जांभळाचे सरबत घाला. केकमध्ये रम असेल तर घटकांच्या यादीत ती लिहा. अंडे असेल तर हिरवा ठिपका लावू नका. चौकोनातला तपकिरी त्रिकोण लागतो. छापलेली हिरवी लेबले उरली आहेत म्हणून तीच चिकटवणाऱ्यांना अख्खा माल परत घ्यावा लागू शकतो, तोही नाताळच्या आठवड्यात.